दुसऱ्या भागावरची मतं वाचताना : 'पॅलेस ऑफ ट्रीझन'च्या निमित्तानं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जेसन मॅथ्यूज यांची 'रेड स्पॅरो' तुम्ही दोन रात्रींत संपवलीत. तिचा दुसरा भाग 'पॅलेस ऑफ ट्रीझन' मागवणार होतात, तेवढ्यात वाचकांची मतं पाहिलीत आणि थबकलात. एक म्हणतो पहिल्यापेक्षा सरस, दुसरा म्हणतो निम्म्यावर सोडली. मग या मतांवरून काही ठरवता येतं का, आणि वाचून झाल्यावर स्वतःला लिहावंसं वाटलं तर रहस्य न फोडता काय लिहायचं?

पुस्तक घ्या. ते आधीच सांगून टाकतो. पण मतांचं काय करायचं, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. वीसेक वर्षं मी रहस्य आणि थरारकथांची हस्तलिखितं संपादित करतो आहे आणि त्यातला मोठा वेळ वाचक काय म्हणतात ते समजून घेण्यातच जातो. ज्यांनी 'रेड स्पॅरो' वाचलेली नाही त्यांनी मात्र इथेच थांबावं, कारण तिचा शेवट गृहीत धरूनच पुढे बोलावं लागणार आहे.

हेरकथेच्या दुसऱ्या भागावर मतं दुभंगतात, त्याचं मुख्य कारण पहिल्या आणि दुसऱ्या भागातला प्रश्नच वेगळा असतो. 'रेड स्पॅरो'ची सगळी ओढ एका प्रश्नात आहे : कोण कोणाला फितवणार? सीआयएचा नेट नॅश आणि रशियाच्या परराष्ट्र गुप्तचर सेवेतली दोमिनिका, दोघांनाही वरून आदेश आहे की समोरच्याला आपल्याकडे ओढा. प्रत्येक भेटीत वाचक मनातल्या मनात पारडं तोलत राहतो. पुस्तक संपताना त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ती आता अमेरिकेसाठी काम करते आहे आणि मॉस्कोत परत गेली आहे.

आता दुसऱ्या भागात लेखक हाच प्रश्न पुन्हा विचारू शकत नाही. ती कोणाच्या बाजूची आहे हे पहिल्या पानापासून वाचकाला ठाऊक आहे. म्हणून प्रश्न बदलतो : ती किती दिवस टिकेल? पहिल्या प्रश्नात कुतूहल होतं, या प्रश्नात धास्ती आहे. मनुष्यस्वभाव असा, की कुतूहलासाठी आलेल्याला धास्ती दिली तर तो म्हणतो 'रटाळ', आणि धास्तीची आवड असलेला तेच पान वाचून म्हणतो 'श्वास रोखून धरला'. दोघंही खरं बोलत असतात. 'निम्म्यावर सोडली' म्हणणाऱ्यानं पुढे 'पहिल्या भागातली ती जुगलबंदी इथे नाही' असं लिहिलं असेल, तर तो तुम्हाला या पुस्तकाबद्दल नेमकी माहिती देतो आहे. जुगलबंदी खरोखरच नाही. ती नसल्यानं तुमचं बिघडेल का, एवढंच तुम्ही ठरवायचं.

हा बदल मॅथ्यूज यांनी विचारपूर्वक केला, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी ३३ वर्षं सीआयएत काढली होती. माणूस फितवणं आणि फितलेल्या माणसाला सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार! फितवणं म्हणजे प्रियाराधन, त्याला एक शेवट असतो. सांभाळणं म्हणजे संसार. तीच भेट, तोच निरोप, तीच पाळत चुकवण्याची कसरत, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक खेपेला जीव टांगणीला.

अदोल्फ तोल्काचेव यांचं उदाहरण घ्या. मॉस्कोतल्या रडार संशोधन संस्थेतला हा अभियंता सीआयएला गुपितं पुरवायचा. १९७९ ते १९८५ या काळात तो सीआयएच्या अधिकाऱ्यांना मॉस्कोच्या रस्त्यांवर २१ वेळा भेटला. प्रत्येक भेटीआधी अधिकारी कित्येक तास शहरात फिरत राहायचा, मागे कोणी नाही याची खात्री पटेपर्यंत. १९८२ मध्ये एका अधिकाऱ्यानं केजीबीची पाळत चुकवायला वाढदिवसाच्या केकच्या खोट्या खोक्यातून घडीचा बाहुला नेला. वळणावर गाडी क्षणभर नजरेआड होताच तो खाली उतरला आणि त्याच्या जागी सीटवर तो बाहुला उभा राहिला. मागच्या गाडीला वाटलं, सगळे आतच बसले आहेत. हे एखाद्या कादंबरीत आलं असतं तर निम्म्या वाचकांनी 'अतिरंजित' असा शेरा मारला असता. तेव्हा 'हे पटत नाही' असं मत दिसलं, की नेमकं काय पटलं नाही ते बघा. हेरगिरीतली युक्ती पटली नसेल तर त्या मताकडे फार लक्ष देऊ नका. माणसाचं वागणं पटलं नसेल तर मात्र थांबून वाचा.

तोल्काचेव पकडला गेला तो त्या २१ भेटींतल्या कुठल्या चुकीमुळे नव्हे. सीआयएनं काढून टाकलेल्या एडवर्ड ली हॉवर्ड नावाच्या माणसानं त्याचा सुगावा रशियनांना दिला. १९८६ मध्ये तोल्काचेवला मृत्युदंड दिला गेला. 'पॅलेस ऑफ ट्रीझन'चं काळीज मला इथे सापडतं. दोमिनिका मॉस्कोत कितीही सावध राहिली, तरी तिकडे वॉशिंग्टनमध्ये एक घरभेदी माहिती विकायला निघालेला असतो. तिच्या हातात नसलेली ही गोष्ट वाचकाला माहीत असते, तिला नसते. काही वाचकांना हा घरभेदी फार क्षुद्र वाटतो. एवढा मोठा विश्वासघात कोणी असल्या कारणासाठी करेल का, असं ते विचारतात. १९८५ च्या एप्रिलमध्ये सीआयएचाच अधिकारी ऑल्ड्रिच एम्स वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत दूतावासात आपल्या पायांनी चालत गेला, तो पैशासाठी. ५०,००० डॉलरवर सौदा सुरू झाला आणि त्यानं दिलेल्या नावांमुळे माणसं मारली गेली. १९९४ पर्यंत तो पकडला गेला नाही. क्षुद्र कारणासाठी मोठा घात होणं हा या व्यवसायाचा खरा इतिहास आहे, आणि मॅथ्यूज यांनी तो सजवला नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता ज्या तक्रारी मला रास्त वाटतात त्यांच्याकडे येतो.

पहिली तक्रार रंगांची. दोमिनिकाला माणसांभोवती, त्यांच्या शब्दांभोवती रंग दिसतात आणि त्यावरून समोरच्याचं मन तिला वाचता येतं. पहिल्या भागात हे नवं होतं, शिवाय तिच्या एकटेपणाशी जोडलेलं होतं. दुसऱ्या भागात तीच गोष्ट लेखकाच्या हातातली सोयीची काठी होते. खोली भरून माणसं बसली आहेत, कोण खरं बोलतो कोण खोटं ते तिला लगेच कळतं, म्हणजे आपल्यालाही कळतं. मग संशय उरतोच कुठे? हेरकथेत संशय हेच भांडवल असतं आणि ते इथे आयतं खर्च होतं. 'रंगांचा कंटाळा आला' एवढंच वाचकानं लिहिलं असेल, तर त्या मागचं कारण हे आहे.

दुसरी तक्रार खलनायकाची. तिचा वरिष्ठ झ्युगानोव इतका क्रूर रंगवला आहे, की तो माणूस राहत नाही, नुसती भीती उरते. छळाचे प्रसंगही गरजेपेक्षा लांबतात. हे लिहिणाऱ्या वाचकांशी मी पूर्ण सहमत आहे. ज्यांना असले प्रसंग सोसत नाहीत त्यांनी आधीच मनाची तयारी करावी किंवा ती पानं उलटावीत, कथेचा धागा तुटत नाही.

पाककृतींवरून मात्र जेवढा वाद होतो तेवढा व्हायला नको. प्रत्येक प्रकरणात कोणीतरी काहीतरी खातं आणि प्रकरणाच्या शेवटी त्या पदार्थाची थोडक्यात कृती येते. ही रीत पहिल्या भागापासून आहे. कोणी म्हणतं गोड कल्पना, कोणी म्हणतं तद्दन फालतू. संपादक म्हणून मी त्याकडे लयीच्या अंगानं बघतो. पहिल्या भागात ती कृती म्हणजे विसावा होता. दुसऱ्या भागात प्रकरण धोक्याच्या ऐन क्षणी संपतं आणि मध्ये ही पाच-सात ओळींची शांत कृती आडवी येते. मला ती आवडते, कारण त्या ओळी वाचताना डोकं मागच्या प्रसंगातच अडकलेलं असतं. ज्यांना नको त्यांनी पान उलटावं, लेखकानं काही हिरावून घेतलेलं नाही.

मत कधी लिहिलं गेलं, ती तारीख बघायची सवय लावून घ्या. दुसऱ्या भागाच्या बाबतीत तिला फार महत्त्व आहे. 'पॅलेस ऑफ ट्रीझन' २०१५ मध्ये आली. तेव्हाच्या वाचकांनी पहिला भाग २०१३ मध्ये वाचला होता. दोन वर्षांत बरंच विस्मरणात गेलेलं असतं, त्यामुळे मागच्या घटनांची उजळणी त्यांना हवीच होती. आज तुम्ही एका आठवड्यात दुसरा भाग उघडणार. तुम्हाला तीच उजळणी डोक्यात जाईल, रंगांची पुनरावृत्ती जास्त खुपेल. पुस्तक तेच, पण तुमच्या आणि त्यांच्या वाचनातलं अंतर वेगळं. २०१८ मध्ये पहिल्या भागावर चित्रपट आला. त्यानंतरची बरीच मतं अशा लोकांची आहेत जे पडद्यावरची दोमिनिका डोक्यात घेऊन दुसऱ्या भागाकडे आले. पडद्यावर ना ते रंग आहेत, ना त्या पाककृती, त्यामुळे पुस्तकात त्या भेटल्या की ते बावचळतात. तिसरा टप्पा २०२२ नंतरचा. या कादंबरीत खुद्द पुतिन पात्र म्हणून वावरतात. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ती पानं वाचणारा माणूस २०१५ च्या वाचकासारखा वाचूच शकत नाही. कोणाला लेखक द्रष्टा वाटतो, कोणाला प्रचारकी. ही मतं काळाबद्दल जास्त बोलतात, कादंबरीबद्दल कमी.

उजळणीवरून निघालं आहे तर थोडं सविस्तर बोलतो, कारण दुसरा भाग बहुतेक वेळा तिथेच घसरतो. नव्या वाचकाला मागचं सांगायचं आणि जुन्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे सोपं नाही. हस्तलिखितांत हमखास असं वाक्य येतं : 'आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी सीमेवर मी तुझा जीव वाचवला होता?' ज्याचा जीव वाचला त्याला कोणी असं विचारत नाही. हे वाक्य वाचकासाठी आहे हे शेंबडं पोरही ओळखेल. त्याऐवजी असं लिहिलं तर बघा : 'तो आत आला तशी ती खुर्ची सोडून उठली आणि दाराकडे पाठ असलेली जागा स्वतः घेतली. तो काही बोलला नाही. दोन वर्षांत ती जागा त्यानं एकदाही घेतली नव्हती.' नव्या वाचकाला कळलं की मागे काहीतरी भयंकर घडलं आहे. जुन्याला ती रात्र आठवली. पाल्हाळ कुठेच नाही.

या बाबतीत मला सर्वांत भावलेला दुसरा भाग मिक हेरन यांचा, 'डेड लायन्स'. लंडनमध्ये स्लाउ हाउस नावाची एक कळकट इमारत आहे, चुका केलेल्या गुप्तचरांना शिक्षा म्हणून तिथे टाकलेलं असतं. पहिल्या भागात या सगळ्यांची ओळख झालेली आहे. दुसऱ्या भागात हेरन सुरुवातीला एक कल्पनेतलं मांजर त्या इमारतीत सोडतात. ते मजले चढत, एकेका खोलीत डोकावत जातं. कोण त्याला हाकलेल, कोण त्याच्याकडे बघणारही नाही, यावरून माणसं कळत जातात. मागच्या घटनांची यादी कुठेच दिलेली नाही. जुन्या वाचकाला ओळखीची माणसं भेटल्याचा आनंद, नव्याला परिचय. गंमत म्हणजे या पुस्तकाचा प्रवास सरळ नव्हता. पहिला भाग २०१० मध्ये आला, फारसा खपला नाही, आणि ब्रिटनमधल्या प्रकाशकानं दुसऱ्यात रस दाखवला नाही. तो अमेरिकेतून निघाला आणि २०१३ चा गोल्ड डॅगर हा गुन्हेकथांसाठीचा मानाचा ब्रिटिश पुरस्कार घेऊन गेला. पहिल्या भागाच्या खपावरून दुसऱ्याची लायकी ठरवू नये, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मुख्य पात्र बाजूला सारलं की वाचक चिडतात, हाही जुना अनुभव आहे. जॉन ल कॅरे यांच्या स्मायली-कार्ला त्रयीतला मधला भाग, 'द ऑनरेबल स्कूलबॉय', १९७७ चा. त्रयीचा नायक, ब्रिटिश गुप्तचर स्मायली लंडनमध्ये आणि सगळी धावपळ हाँगकाँग-आग्नेय आशियात, जेरी वेस्टरबी नावाच्या माणसाच्या खांद्यावर. आजही वाचक या भागावर लांबीचा आणि स्मायलीच्या अनुपस्थितीचा ठपका ठेवतात. त्याच पुस्तकाला त्या वर्षीचा गोल्ड डॅगर मिळाला. बीबीसीनं मालिका केल्या त्या पहिल्या आणि तिसऱ्या भागावर, मधला वगळून. मी स्वतः तो तिशीत अर्धा टाकला होता आणि पन्नाशीत पुन्हा हाती घेतल्यावर खाली ठेवता आला नाही. नेट नॅशबद्दल 'तो या भागात मागे पडला' असं कोणी म्हणत असेल तर त्या तक्रारीचं मूळही हेच. ही मालिका दोमिनिकाची आहे हे दुसऱ्या भागात स्पष्ट होतं, आणि नेटसाठी आलेल्यांना ते रुचत नाही.

वाचकांच्या मतांचा मी कामात कसा उपयोग करतो, ते एका अनुभवानं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लेखकाच्या हेरकथेचा दुसरा भाग माझ्याकडे होता. छपाईआधी आठ जणांना वाचायला दिला. आठांपैकी सहांनी लिहिलं, मधला भाग संथ आहे. आम्ही दोघांनी बसून मधली चाळीस पानं कापली. पुन्हा वाचायला दिलं. पुन्हा तेच, मधला भाग संथ. तेव्हा मी एकेकाला फोन करून विचारलं, कंटाळा आला त्याच्या आधी तुम्हाला काय हवं होतं? एका बाईंनी सांगितलं, 'पकडला गेला तर त्याचं काय होईल, हेच मला माहीत नव्हतं.' दोष मधल्या पानांत नव्हताच, तो तिसाव्या पानाच्या आसपास होता. जोखीम तिथे कळायला हवी होती, ती लेखकाच्या डोक्यातच राहिली होती. दोन पानांचा एक प्रसंग तिथे घातला आणि कापलेल्या चाळीसपैकी तीस पानं परत आणली. कोणीही संथ म्हणालं नाही.

तेव्हापासून वाचकाच्या मतातलं 'कुठे' मी डोळे झाकून मानतो आणि 'का' स्वतः शोधतो. तुम्हीही तसंच करा. 'रटाळ', 'भन्नाट' हे शब्द ओलांडून पुढे जा. कुठल्या पानाशी, कुठल्या प्रसंगाशी वाचक थांबला हे सांगणारं मत सापडलं की ते दोनदा वाचा. आणि त्या माणसाला पहिल्या भागात काय आवडलं होतं ते त्यात असेल, तर तो तुमच्यासारखा वाचक आहे की नाही हे तिथेच कळेल.

तुम्ही कधी वाचावी? आत्ता लगेच नको. तीन-चार आठवडे दुसरं काही वाचा, थोडं विसरायला होऊ द्या. उजळणी मग त्रास देणार नाही. पहिला भाग न वाचता थेट दुसरा घेणाऱ्यांना मी या मालिकेत तरी नको म्हणेन. 'डेड लायन्स' तशी वाचता येते, ही नाही. इथे दोमिनिकाच्या प्रत्येक भेटीतली धास्ती, तिनं काय गमावून हा रस्ता धरला हे माहीत असण्यावर उभी आहे. तिसरा भाग 'द क्रेमलिन्स कॅन्डिडेट' २०१८ चा, आणि तोच शेवटचा. मॅथ्यूज २०२१ मध्ये गेले. म्हणजे ही कहाणी पूर्ण झालेली आहे, लेखक पुढे कधी लिहील याची वाट बघत ताटकळावं लागणार नाही.

राहिला तुमच्या स्वतःच्या मताचा प्रश्न. दुसऱ्या भागावर लिहिताना एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही : आपण दुसऱ्याचं रहस्य जपतो आणि पहिल्याचं फोडून बसतो. 'दोमिनिका आता मॉस्कोतून अमेरिकेसाठी काम करते' हे वाक्य दुसऱ्या भागाची साधी ओळख आहे, पण पहिल्या भागाचा तो कळस आहे. मी स्वतः वर तेच केलं आहे, म्हणून सुरुवातीला सावध केलं. एखादं पात्र दुसऱ्या भागात आहे एवढं सांगितलं तरी ते पहिल्यात जगलं हे कळून जातं. तेव्हा पहिल्या ओळीतच लिहा, हे मत पहिला भाग वाचलेल्यांसाठी आहे. मग पहिल्यात तुम्हाला कशाची ओढ लागली होती ते लिहा. दोन्ही भागांमध्ये किती दिवस गेले ते लिहा. आणि ज्या पानावर तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत त्या पानाचा नुसता आकडा द्या, तिथे काय घडतं ते सांगू नका. वाचलेल्याला तेवढ्यानं कळेल.